झाकायची सोय

सोमवारी सकाळी साडेदहाला प्रमोदिनीबाई टाकळकर शहागंजातल्या प्रेसमध्ये आल्या, स्कूटीवरून येताना तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला, कॉम्प्युटर सुरू केला, आणि समोर काळंभोर. चिन्हं नाहीत, फोल्डर नाहीत, खालची पट्टी नाही. वरच्या कोपऱ्यात घड्याळ तेवढं चालू होतं. बाईंना वाटलं, मशीन गेलं. पण मशीन गेलं नव्हतं. मालकांचा मुलगा आला होता.

मालक म्हणजे वैजनाथराव. त्यांचा मुलगा मंदार पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीने दोन महिने घरून काम करायला परवानगी दिली म्हणून तो घरी आला, आणि घरी आलेल्या हुशार मुलाला घरात काही ना काही दुरुस्त करायचं असतंच. आईने त्याला स्वयंपाकघरात शिरू दिलं नाही. मग तो प्रेसमध्ये शिरला. रविवारी प्रेस बंद असताना त्याने बाईंचं मशीन सुधारून ठेवलं. बाईंना विचारलं नाही. मशीन प्रेसचं, प्रेस बाबांची, विचारायचं कुणाला?

"घाबरू नका काकू," तो म्हणाला. "लिनक्स तेच आहे, तुमचे सगळे प्रोग्राम तेच आहेत. फक्त वरचा डेस्कटॉप काढला. हे टायलिंग. म्हणजे फरशी बसवतात ना, तसं. एक विंडो उघडली की पूर्ण स्क्रीन तिची. दुसरी उघडली की दोघींना अर्धं अर्धं. तिसरी आली तर तिलाही जागा. एकीवर दुसरी कधी चढत नाही, काही झाकलं जात नाही. माउस लागतच नाही."

"आणि मला झाकायचं असेल तर?"

"कशाला झाकायचं?" मंदार हसला. "काकू, मी शनिवारी मोजलं. एका मिनिटात तुमचा हात अकरा वेळा माउसकडे जातो. अकरा वेळा!"

"आणि तुझा मोबाइलकडे किती वेळा जातो, तेही मोजलं असशील," बाई म्हणाल्या.

बोलल्या हसून, पण आतून त्यांचं डोकं तापलं होतं. आपल्या पाठीमागे उभं राहून हा मुलगा आपला हात मोजत होता! ज्या हाताने याच्या बारशाची पत्रिका केली, तो हात!

बाईंना नवं काही नको असतं, असा समज कुणी करून घेऊ नये. त्या एकोणीसशे शहाण्णव साली या खुर्चीवर बसल्या तेव्हा फ्लॉपी होती, आणि 'ज्ञ' काढायला चार बटणं दाबावी लागत. तो फाँट गेला, दुसरा आला. मग युनिकोड आलं. सहा वर्षांपूर्वी विंडोज काढून लिनक्स बसवलं, तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या विश्वजीतने, जो आजवर या प्रेसची मशीन बघत आला, आधी बाईंना शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमचं कुठं काय असतं ते दाखवा." बाईंनी दाखवलं. त्याने नव्या डेस्कटॉपवर सगळं तिथल्या तिथे मांडून दिलं. महिनाभरात बाईंचा हात बसला. आज 'छत्रपती संभाजीनगर' हे लांबलचक नाव पत्त्याच्या एका ओळीत न चेपता कसं बसवायचं, हे शिकायला बाकीच्या प्रेसचे लोक त्यांच्याकडे येतात. अशा बाईला शिकण्याची भीती आहे असं म्हणायला तोंड कसं उघडतं, हाच प्रश्न आहे.

आता त्या प्रेसची एक रीत सांगायला हवी. तिथे लग्नाच्या पत्रिका होतात आणि तेराव्याच्याही होतात. लग्नाचे नमुने काउंटरवर जाड अल्बममध्ये असतात. तेराव्याचे नमुने खालच्या ड्रॉवरमध्ये, पाकिटात. तसलं गिऱ्हाईक आलं की वैजनाथराव बाईंना फक्त "दुसरं काम आहे" एवढंच म्हणतात. दोन्हींचे गठ्ठे एका टेबलावर कधी ठेवत नाहीत. लग्नवाल्यांना तेरावा दिसू नये हे तर झालंच, पण जो आपलं माणूस स्मशानात पोचवून आलाय, त्याच्या डोळ्यांपुढे कुणाचे सनई-चौघडे येऊ नयेत, हेही तितकंच. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलंही कधी नाही.

बाईंच्या कॉम्प्युटरवरही हीच मांडणी होती. डावीकडे वरपासून लग्नं, मुंजी, वास्तू. आणि उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात, एकटा, 'इतर' नावाचा फोल्डर.

शिवाय बाईंची स्वतःची एक पद्धत होती. दोन हजार सात साली त्यांचे वडील गेले, तेव्हा त्यांच्या तेराव्याची पत्रिका बाईंनी याच खुर्चीवर बसून केली. दुसऱ्या कुणाला करू देववेना. पण वडिलांचा फोटो स्क्रीनवर उघडला आणि हात थांबले. नाव टाइप होईना. मग बाईंनी मजकुराची विंडो माउसने हळूच ओढून फोटोवर घेतली. चेहरा झाकला गेला, खाली फक्त कोटाची कड राहिली. फोटो आहे, हे कळत होतं. पण तो बघत नव्हता. तेवढ्या आधारावर त्यांनी सगळा मजकूर पुरा केला.

तेव्हापासून शेजारच्या स्टुलावर 'दुसऱ्या कामाचं' गिऱ्हाईक बसलं की बाई तेच करतात. फोटो उघडतात, एकदा विचारतात, "हाच ना?" आणि माणसाने मान हलवली की मजकूर ओढून चेहऱ्यावर घेतात. किती घ्यायचा ते समोरच्याकडे बघून ठरवतात. कुणाचा चेहरा पूर्ण झाकावा लागतो. कुणाला तो दिसत राहायला हवा असतो, त्याला बाई कपाळ आणि डोळे ठेवतात. मंदारने मोजलेल्या अकरा वेळांपैकी निम्म्या वेळा बाईंचा हात याच कामाला गेलेला असायचा. पण मोजणाऱ्याला हात दिसला, काम दिसलं नाही.

तर मंगळवारी गंगापूर तालुक्यातले तात्यासाहेब आले. थोरल्या दोन मुलींच्या पत्रिका बाईंनीच केल्या होत्या, आता धाकटी, संस्कृती. तात्यासाहेब स्टुलावर बसून एकेक नाव वाचत होते. मामांची नावं झाली, आत्यांची चालली होती, तेवढ्यात काउंटरवरून वैजनाथरावांनी हाक मारली, "बाई, त्या दुसऱ्या कामाचा फोन आहे, वेळ साडेदहा टाकली की अकरा?"

पूर्वी बाई तसली फाइल कोपऱ्यात नखाएवढी उघडून बघायच्या आणि मिटायच्या, शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. त्यांनी सवयीने फाइल उघडली. आणि ती नवी विंडो ऐटीत येऊन बसली, बरोबर अर्ध्या स्क्रीनवर. डावीकडे चि. सौ. कां. संस्कृती, उजवीकडे काळ्या चौकटीत कुणीतरी कैलासवासी.

तात्यासाहेब ताडकन उठले. "ओ बाई! काय हाये हे? माझ्या पोरीच्या नावाला खेटून मयताचा कागद?"

"चुकून झालं तात्यासाहेब, मी लगेच..."

"चुकून काय? म्या डोळ्यानं बघितलं ना! घरी काय सांगू? लई वर्षांचं येणंजाणं हाये म्हणून गप ऱ्हातो, नायतर..."

नायतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. खिशातली हळदकुंकवाची पुडी चाचपली आणि पायऱ्या उतरून गेले. वैजनाथरावांनी रस्त्यापर्यंत मागे जाऊन, हातापाया पडून त्यांना परत आणलं. इतक्या वर्षांत बाईंच्या कामावरून कुणी उठून गेलं नव्हतं. त्या खुर्चीत मान खाली घालून बसल्या. वाईट याचं वाटत होतं की माणूस चुकीचं बोलला नव्हता.

मंदारचं मत पडलं, "अंधश्रद्धा आहे सगळी. आणि काकू, ती फाइल दुसऱ्या वर्कस्पेसवर उघडायची ना! एकामागे एक असे नऊ स्क्रीन आहेत, त्यातल्या नऊ नंबरवर. एक बटण दाबलं की झालं. तुम्हाला बटणं पाठ नाहीत, त्यात सिस्टिमचा काय दोष?"

"मला ते विंडो सुटी ठेवायचं दे," बाई म्हणाल्या. "एकीवर एक येईल असं. एवढंच मागते."

"फ्लोटिंग? होतं, पण मग टायलिंगचा अर्थच राहत नाही. सवय करा."

वैजनाथराव वाईट माणूस नाहीत. पण मुलगा इंजिनिअर झाल्यापासून त्यांना स्वतःचं मत असं उरलं नाही. संध्याकाळी ते बाईंसमोर उभे राहून, पेपरवेट फिरवत म्हणाले, "बाई, आठ दिवस बघा. नाहीच जमलं तर मंदारच्या ओळखीत श्रेया म्हणून मुलगी आहे, डिझायनिंग शिकलेली. ती इथं बसेल. तुम्ही काउंटर सांभाळा. कमी काही होणार नाही तुम्हाला."

कमी काही होणार नाही! अठ्ठावीस वर्षं ज्या खुर्चीत काढली ती काढून घ्यायची, आणि वर कमी काही होणार नाही! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काउंटरवर बसून अल्बमची पानं उलटायची, आणि आतमध्ये कुणीतरी नवखी मुलगी लोकांच्या मेलेल्या माणसांचे चेहरे पूर्ण स्क्रीनभर उघडून बसणार. बाई उठल्या. स्कार्फ इतका आवळून बांधला की उस्मानपुऱ्यातल्या घरापर्यंत कान दुखले.

पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एका बाद पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर सगळी बटणं लिहून काढली. कोणत्या बटणाने उघडतं, कशाने सरकतं, कशाने एक नंबरवरून नऊ नंबरवर जातं. त्या यंत्राचा एक अवगुणही त्यांनी शोधून काढला. माउसला नुसता धक्का लागून बाण ज्या विंडोवर जाई, तीच जागी होई, क्लिकसुद्धा नको. एकदा मुंजीचा मजकूर टाइप करता करता कोपर लागलं आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हे शब्द एका दशक्रियेच्या पत्रिकेत जाऊन बसले. प्रुफात दिसलं म्हणून वाचलं. नाहीतर एखाद्या घरी श्रीकृपेकरून दहावा झाला असता! मंदारला दाखवलं, तर तो म्हणाला, "हे फीचर आहे काकू."

बाईंनी त्या फीचरपुढे हात जोडले आणि माउस टेबलाच्या पार कडेला सरकवून ठेवला. सहाव्या दिवशी बटणांचा तो कागद लागेनासा झाला. सातव्या दिवशी त्यांनी मंदारच्या देखत तीन पत्रिका माउसला न शिवता केल्या. मंदारने टाळ्या वाजवल्या. बाईंना त्या टाळ्या झोंबल्या.

आठव्या दिवशी दुपारी मंदार वडिलांना घेऊन आला. "बाबा, बसा, तुम्हाला वेग दाखवतो." बाईंना उठवून तो स्वतः खुर्चीत बसला. तात्यासाहेबांच्या संस्कृतीच्या पत्रिकेचं शेवटचं प्रूफ पाहायचं बाकी होतं, ती एक नंबरवर उघडी होती. तेवढ्यात पायऱ्या चढून एक बाई आणि एक माणूस आले. दोघांच्या चपला धुळीने भरलेल्या. माणसाने मोबाइल पुढे केला आणि खाली बघत म्हणाला, "कार्ड करायचं व्हतं."

कोणतं कार्ड, ते कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या बाईचं नाव साळूबाई. सोबत दीर, पुंजाराम. साळूबाईंचा मुलगा शिवम वाळूजला कंपनीत होता. नऊ दिवसांपूर्वी पहिल्या पाळीला निघाला आणि रस्त्यातच संपला. चोवीस वर्षांचा. वैजनाथराव हळूच म्हणाले, "बाई, दुसरं काम." बाई पुढे झाल्या, तर मंदारने हात केला. "मी करतो ना काकू. दोन मिनिटांत होईल."

"मंदार, ऊठ. हे मला करू दे."

"अहो बसा हो."

मोबाइलवरून फोटो घेतला आणि त्याने उघडला. तो ज्या नंबरवर होता तिथे दुसरं काही उघडं नव्हतं, म्हणून पूर्ण स्क्रीन फोटोची. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नुसता शिवम. हसतोय. चुलतभावाच्या लग्नातला फोटो, डोक्याला गुलाबी फेटा. पोरांचे चांगले फोटो दुसरे असतात कुठे? साळूबाई स्टुलावर बसत होत्या, त्या अर्ध्यातच थांबल्या.

मंदारला काहीतरी चुकल्याचं कळलं. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. पण हाताला सवय बटणांची. फोटो नऊ नंबरवर ढकलून द्यावा म्हणून त्याने घाईघाईने दोन बटणं दाबली, आणि नऊच्या जागी गेला एक. फोटो एक नंबरवर गेला, पाठोपाठ स्क्रीनही तिथेच गेली. यंत्राने आपला नियम पाळला. दोघांना अर्धं अर्धं. डावीकडे लाल-सोनेरी गणपती, खाली 'शुभविवाह'. उजवीकडे फेट्यातला शिवम.

साळूबाई बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की प्रमोदिनीबाईंना बघवेना.

"भावजी," साळूबाई म्हणाल्या, "आपल्या शिवमची पत्रिका केली व्हय ह्यांनी? लग्नाची?" आणि पुढे होऊन त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "बघा की. नवरदेव दिसतोय."

पुंजाराम तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला. मंदार बटणं दाबत होता. एवढी बटणं त्याला पाठ होती, त्यातलं एक कामाला येत नव्हतं. विंडो उलटसुलट झाल्या, शिवम डावीकडे आला, गणपती उजवीकडे गेला. असली चूक करायलासुद्धा फार शिकावं लागतं.

प्रमोदिनीबाईंनी खुर्चीच्या पाठीवरचा स्कार्फ ओढला आणि आख्ख्या मॉनिटरवर टाकला.

"ऊठ," त्या मंदारला म्हणाल्या. या वेळी तो उठला.

बाईंनी साळूबाईंचं बोट हातात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. साळूबाईंना तेव्हा कळलं, आणि त्या जे रडल्या ते बाहेरच्या चपलांच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. बाई थांबल्या. घाई केली नाही. मग स्कार्फच्या आडून संस्कृतीची पत्रिका बंद केली, तिच्या जागी मजकुराची विंडो आणली, आणि स्कार्फ एका बाजूला सरकवला, इतका की मजकुराची अर्धी बाजू उघडी पडली आणि चेहरा कापडाखाली राहिला. फेट्याचा तुरा तेवढा कडेने दिसत होता. तो त्यांनी राहू दिला.

"सांगा ताई," त्या म्हणाल्या. "वडिलांचं नाव काय लिहू?"

सगळा मजकूर तसाच पुरा झाला, मॉनिटरवर स्कार्फ लटकत असताना. साळूबाई अधूनमधून त्या तुऱ्याकडे बघायच्या आणि पुढचं नाव सांगायच्या.

ती दोघं पायऱ्या उतरून गेल्यावर मंदार पडलेल्या आवाजात म्हणाला, "काकू, घाईत नंबर चुकला. फ्लोटिंग लावलं असतं तर..."

"मी मागितलं होतं!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की वैजनाथरावांच्या हातून पेपरवेट पडला. "मी मागितलं होतं की नाही? तू म्हणालास, सवय करा. मला येत नाही म्हणून मी नको म्हणत नाही, मंदार. विचार कुठलंही बटण, आत्ता विचार! सगळी येतात. येतात म्हणून नको म्हणतेय. तुझ्या यंत्राला सगळं दाखवता येतं, झाकता येत नाही. तू एकटा बसतोस तुझ्या मशीनपुढे. माझ्या शेजारी हे स्टूल आहे. तू माझा हात मोजलास, हे स्टूल तुला दिसलं नाही!" मग त्या वैजनाथरावांकडे वळल्या. "आणि तुम्ही? अठ्ठावीस वर्षं बघताय मला. तुम्हीसुद्धा मला काउंटरवर बसवायला निघालात? त्या श्रेयाला बोलवायचं तर बोलवा. पण मी काउंटरवर बसणार नाही. मी घरी जाईन."

वैजनाथरावांनी पेपरवेट उचलला आणि जागेवर ठेवला. श्रेयाला बोलावलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा जुना डेस्कटॉप परत होता. डावीकडे लग्नं, मुंजी, वास्तू. उजवीकडे खाली, कोपऱ्यात, 'इतर'. एक फोल्डर बोटभर वर सरकला होता, तो बाईंनी माउसने खाली घेतला. मंदार काउंटरपाशी घुटमळत होता.

"काकू, सॉरी."

"मला नको म्हणू," बाई म्हणाल्या. राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि त्यांना तो उतरवायचाही नव्हता. "कार्ड दुपारपर्यंत छापून होतील. पुंजारामला फोन करून सांग, हेलपाटा नको, आम्ही आणून देतो. आणि तू जा."

मंदार बाइकवर गठ्ठा बांधून गेला. तासाभराचं अंतर, तो तीन तासांनी आला. हेल्मेट काउंटरवर ठेवून आतल्या स्टुलावर येऊन बसला, आजवर तो त्या स्टुलावर कधी बसला नव्हता. बाईंच्या समोर कुणाच्या तरी साखरपुड्याचा मजकूर होता. त्यांनी मान वर केली नाही.

"दिली का?"

"दिली."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. बसवलं. चहा केला." मंदार हातातल्या किल्लीकडे बघत होता. "मी म्हटलं, चुकलं माझं. त्यांना ते ऐकूच आलं नसावं. मला म्हणाल्या, तुझं वय काय. म्हटलं, पंचवीस. मग म्हणाल्या, तुझ्या आईनं मुलगी बघितली का?"

बाईंचा हात बटणांवर थांबला. मग त्यांनी स्टूल जरा जवळ ओढायला सांगितलं आणि मंदारला साखरपुड्याची नावं वाचून दाखवायला लावली.